शेकरू म्हणजे मोठी झालेली चानी का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट कळला की नाही ते तुम्हालाही समजेल. गोव्यात सांग्याच्या बाजूला तुमचे कुळागर, म्हणजे पोफळी-माडांची बाग आहे. दिवसभर पोफळींवर चान्यांची, म्हणजे नेहमीच्या छोट्या पट्टेरी खारींची धावपळ असते. मधूनमधून जंगलाच्या कडेने एक मोठे, तांबडे-काळे शेकरू येते. आणि अलीकडे दोनदा, दिवेलागणीनंतर, काहीतरी एका माडावरून दुसऱ्याकडे तरंगत गेलेले तुम्ही पाहिले. सहावीतल्या मुलाने विचारले, ‘शेकरू म्हणजे मोठी झालेली चानी का? आणि ते रात्रीचेही त्यातलेच?’ त्यात लडाखला जाऊन आलेल्या मेहुण्याने सांगितले की तिथला बिळात राहणारा गुबगुबीत मार्मोटसुद्धा खारच. मग सगळाच गोंधळ. आणि शेवटी एका ओळीत तुम्ही विचारलेत, ‘शहाळी भोके पडून खाली येतात, ती यांच्यापैकी कोण पाडते?’

ही शेवटची ओळ तुम्ही जाता जाता लिहिलीत, पण गेली बावीस वर्षे सत्तरी-सांग्याच्या रानात माणसे घेऊन फिरते आहे, त्या अनुभवावरून सांगते, कुळागरवाल्याचा खरा प्रश्न तोच असतो. त्याकडे येतेच. पण आधी मुलाचे उत्तर, कारण ते कळल्याशिवाय शहाळ्यांचा चोर सापडणार नाही.

तर नाही, शेकरू म्हणजे मोठी झालेली चानी नव्हे. चानी पूर्ण वाढली तरी शंभर ग्रॅमच्या आसपास भरते. शेकरू दीड-दोन किलोचे. पण वजनाचा फरक ही वरवरची गोष्ट झाली. या दोघांचे नातेच फार लांबचे आहे. आपल्याकडे एका वाड्यात चार आडनावांची बिऱ्हाडे नांदतात, अंगण एक, विहीर एक, म्हणून कोणी त्यांना सख्खे भाऊ म्हणत नाही. तुमच्या कुळागरात तसेच चालले आहे.

जगात खारींच्या कुळात तीनशेच्या घरात जाती आहेत आणि शास्त्रज्ञ त्यांच्या पाच शाखा मानतात. एक शाखा महाकाय खारींची. तिच्यात फक्त चार जाती, सगळ्या दक्षिण आणि आग्नेय आशियात, आणि आपले शेकरू त्यातले एक. दुसरी शाखा आशियातल्या रंगीत, पट्टेरी खारींची. चानी त्यातली. तिसरी शाखा युरोप-अमेरिकेत दिसतात तशा झाडखारी आणि उडत्या खारी यांची. चौथी मुख्यतः जमिनीवरच्यांची, तुमच्या मेहुण्याचा मार्मोट तिथे बसतो. आणि पाचवीत एकटा जीव आहे, ॲमेझॉनच्या जंगलातली एक चिमुकली खार. तिला जवळचे कोणी नातेवाईकच नाहीत. म्हणजे तुम्हाला रात्री दिसले ते खरोखर उडती खार असेल, तर पाचपैकी तीन शाखा तुमच्या एका कुळागरात हजर आहेत. उत्तर अमेरिकेत आणि युरोपात खारींवर ढीगभर अभ्यास झाला आहे, पण तिथे कोणाच्या परसात शेकरूची किंवा चानीची शाखा मुळात राहतच नाही.

इथे एक कबुली देते. सुरुवातीची काही वर्षे मी पर्यटकांना बिनधास्त सांगत असे की शेकरू म्हणजे युरोपातल्या तांबड्या खारीचीच मोठी बहीण, आणि उडती खार मात्र वेगळ्याच घरची. तेव्हाच्या पुस्तकांतही उडत्या खारींना स्वतंत्र गट दिलेला असे. दिसायला ते पटतेही, उडणारा प्राणी वेगळा असणारच! २००३ आणि २००४ मध्ये डीएनए तपासून केलेले दोन मोठे अभ्यास आले आणि चित्र उलटे झाले. उडत्या खारी निघाल्या युरोप-अमेरिकेतल्या साध्या झाडखारींच्या जवळच्या, आणि शेकरू निघाले फार पूर्वीच वेगळे झालेले घराणे. म्हणजे लंडनच्या बागेतली करडी खार तुमच्या रात्रीच्या पाहुण्याची जवळची नातलग आहे, शेकरूची नव्हे. डोळ्यांना दिसते त्यावर नाती ठरवू नयेत, हे तेव्हा शिकले. अर्थात त्याआधी माझ्याकडून चुकीचे ऐकून गेलेली माणसे आता परत थोडीच भेटणार.

आता एकेक बिऱ्हाड.

चानीबद्दल मुलाला एक काम द्या: पाठीवरचे पट्टे मोजायला सांगा. आजी सांगते ते आपण सगळ्यांनी ऐकलेले आहे, सेतू बांधताना रामाने पाठीवरून बोटे फिरवली आणि पट्टे उमटले, आणि तिथूनच ‘खारीचा वाटा’ आला. पण दक्षिणेकडच्या खारीला तीन पट्टे, तर उत्तरेकडच्या खारीला पाच, दोन बाजूंचे जरा फिकट. रामाची बोटे तीन की पाच, हा वाद मी मुलांवरच सोपवते, त्यांना तो फार आवडतो. रानात, दाट सावलीत, आणखी एक पट्टेरी खार भेटते. ती गावातल्या चानीपेक्षा काळपट, डोक्याकडे तांबूस छटा, आणि पट्टे अरुंद. ही पश्चिम घाटातली जंगली पट्टेरी खार. तुमचे कुळागर रानाला चिकटून असेल तर ती तुमच्याकडे येणे शक्य आहे. फोटो काढलात तर पाठ नीट दिसेल असा वरून किंवा मागून काढा. लोक नेहमी तोंडाचा काढतात आणि मग ओळखायचे काय.

पट्टेरी खारी माणसाला सोकावलेल्या आहेत, त्या कुठेही रुजतात. ऑस्ट्रेलियात मूळची एकही खार नाही, पण पर्थच्या प्राणिसंग्रहालयातून १८९८ मध्ये सोडलेल्या पाच पट्ट्यांच्या खारींची वस्ती तिथे अजून आहे. आपल्या देशातून गेलेली जात! बाहेरची खार आणून सोडण्याची वाईट बाजू इंग्लंडमध्ये दिसते. १८७६ मध्ये तिथे अमेरिकेतली करडी खार आणून सोडली. ती धष्टपुष्ट, शिवाय तिच्याबरोबर एक विषाणू येतो जो तिला फारसा बाधत नाही, पण तिथल्या मूळच्या तांबड्या खारीला मारतो. आज इंग्लंडच्या बहुतेक भागातून तांबडी खार गेली आहे. म्हणून कोणी हौसेने बाहेरची खार पाळायला आणली तर मी हात जोडते.

शेकरूचा मात्र स्वभाव अगदी उलटा. ते माणसाला सोकावत नाही, त्याला झाडे हवीत, आणि तीही एकमेकांना लागून. नाक ते शेपटीचे टोक धरले तर मीटरभराच्या आसपास लांबी, आणि एका झाडावरून दुसऱ्यावर सहा मीटरपर्यंत झेप. जमिनीवर ते क्वचितच उतरते. फांदीवर बसून खाताना शेपूट खाली सोडलेली असते, ती तोल सांभाळायला. धोका वाटला तर पळत सुटण्याऐवजी बरेचदा फांदीला चिकटून निपचित पडून राहते. नवखी माणसे अर्धा तास त्याच झाडाखाली उभी राहून ‘गेले वाटते’ म्हणतात, आणि ते वर तसेच. त्याचा कटकट-कटकट असा मोठा आवाज ओळखायला शिका, रानात माझ्या कानावर आधी तोच पडतो, प्राणी मागून दिसतो.

एकाच शेकरूची अनेक घरटी असतात. काटक्या-पानांचे मोठे गोळे, बारीक फांद्यांच्या टोकाला, जिथे जड प्राण्याला पोचता येत नाही. म्हणून पाच घरटी दिसली म्हणजे पाच शेकरे आहेत असे धरू नका, ही चूक मी चांगल्या जाणकारांकडूनही ऐकली आहे. शेजारच्या महाराष्ट्राचा ते राज्यप्राणी आहे. आपला गोव्याचा गवा. पण मोले, म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव, कुठेही सकाळी शांतपणे चाललात तर गव्यापेक्षा शेकरू दिसण्याची शक्यता जास्त. रंग सगळीकडे सारखा नसतो. भीमाशंकरचे आणि आपल्याकडचे शेजारी ठेवले तर शेपटीवरूनच फरक कळेल. तरी जात एकच. त्याची दोन भावंडे भारतातच आहेत: एक तमिळनाडू-केरळच्या सीमेवरचे करडे शेकरू, श्रीलंकेतही असते, आणि दुसरे ईशान्येकडचे, वरून काळे आणि पोटाशी पिवळट. चौथे मलाया, सुमात्रा, बोर्निओकडे.

आता रात्रीचा पाहुणा. इथे मात्र मी लगेच ‘हो, उडती खार’ म्हणणार नाही, कारण हे कधी आणि कसे पाहिले त्यावर ठरते. दिवसाउजेडी पोफळीवरून पोफळीवर तरंगत जाणारे असेल तर तो उडता सरडा. कुळागरात तो नेहमीचा, आणि हाताच्या बोटाएवढा बारीक. रात्री असेल तर दोन शक्यता. मोठे वटवाघूळ पंख हलवत येते, फळापाशी लटकते, आणि गर्दी करून गोंगाट करते. उडती खार पंख हलवत नाही, कारण तिला पंखच नाहीत. पुढच्या आणि मागच्या पायांमध्ये कातडीचा पडदा असतो. मनगटापाशी कूर्चेची एक काडी असते, तिने तो पडदा बाहेरच्या बाजूला ताणला जातो. उडी मारते, पतंगासारखी चौकोनी पसरते, आणि उतरत उतरत जाते. नेमकी खूण अशी: ती समोरच्या झाडाच्या शेंड्यावर उतरत नाही, खोडावर, निघाली त्यापेक्षा बरीच खाली चिकटते, आणि मग सरसर वर चढते. तुमचे तरंगणारे असे खोडावर चिकटून वर चढले का, तेवढे आठवून पाहा. चढले असेल तर ती भारतीय मोठी उडती खार. धुरकट तपकिरी अंग, शेपूट अंगापेक्षा लांब. जुनी माणसे हिलाच पाक्या म्हणायची.

पाहायचे असेल तर सूर्यास्तानंतर साधारण अर्ध्या तासाने, जुने पोकळ झाड असेल तिकडे तोंड करून उभे राहा. टॉर्चला तांबडा जिलेटिन कागद लावा, पांढरा झोत थेट डोळ्यांत मारू नका. माझा पहिला पाक्या मी फणसाच्या ढोलीतून डोके काढताना पाहिला, आणि आनंदात इतकी ओरडले की तो पुन्हा आत गेला आणि त्या रात्री आलाच नाही.

उडत्या खारींची खरी गर्दी आपल्याकडे नाही, ती हिमालयात आणि आग्नेय आशियात आहे. त्यातल्या काही इतक्या दुर्मीळ की अरुणाचलमधल्या नामदाफाची उडती खार १९८१ मध्ये सापडलेल्या एकाच नमुन्यावरून माहीत आहे. एक सावधगिरीची सूचना: शहरांत पाळीव प्राण्यांच्या दुकानांतून ‘उडती खार’ म्हणून काही विकले जाते. एका दुकानात मीही पाहिले. तो होता शुगर ग्लायडर, ऑस्ट्रेलियाकडचा, कांगारूसारखा पोटाला पिशवी असणारा प्राणी. खारीशी त्याचे नाते आपल्याहूनही लांबचे. दुकानदार ऐकायला तयार नव्हता.

तुमच्या मेहुण्याचे म्हणणे बरोबर आहे. लडाखचा हिमालयी मार्मोट, तिथे त्याला फिया म्हणतात, हा खारच. माझ्या अनेक सहली-सोबत्यांना ते पचत नाही, कारण आपल्या मनात खार म्हणजे झाड. पण या कुळातला मोठा भाग जमिनीवर, बिळात जगतो. उत्तर अमेरिकेतले प्रेअरी डॉग, चिपमंक, ज्याच्या सावलीवरून दरवर्षी २ फेब्रुवारीला थंडीचे भाकीत करतात तो ग्राउंडहॉग, सगळे याच शाखेतले. यांना झाड नाही, पण यांच्यापुढे एक प्रश्न आहे जो गोव्यात कोणाला पडत नाही: बर्फात सहा-आठ महिने काय खायचे? उत्तर आहे, झोपायचे. आर्क्टिकमधली जमिनीवरची खार झोपते तेव्हा तिच्या अंगाचे तापमान शून्याखाली, उणे २.९ अंशांपर्यंत नोंदले गेले आहे, आणि रक्त गोठत नाही. आमच्या चानीला हे सांगितले तर ती हसेल. इथे बाराही महिने काही ना काही पिकत असते, तिला झोपायची गरजच पडली नाही.

उलट टोकाला दक्षिण आफ्रिकेतली जमिनीवरची खार. तिला थंडीचा नाही, उन्हाचा त्रास. ती आपली झुपकेदार शेपूट पाठीवरून डोक्यावर घेते आणि छत्रीसारखी सावली करून चरत राहते. खारींच्या शास्त्रीय नावाचा मूळ ग्रीक अर्थच सावली आणि शेपूट या दोन शब्दांतून आला आहे, ते नाव इतके चपखल बसलेले दुसरीकडे मी पाहिले नाही. कॅलिफोर्नियातली खार तर रॅटलस्नेक समोर आला की शेपटीत रक्त जास्त सोडून ती गरम करते. त्या सापाला उष्णता ‘दिसते’, त्यामुळे त्याला समोरची खार मोठी आणि धोक्याची वाटते.

आकाराचा पल्ला सांगायचा तर पश्चिम-मध्य आफ्रिकेतली पिग्मी खार जेमतेम सोळा ग्रॅमची, आणि मोठे मार्मोट आठ किलोपर्यंत जातात. एकाच कुळात. आणि गंमत अशी की सुमारे साडेतीन कोटी वर्षांपूर्वीचे उत्तर अमेरिकेत सापडलेले खारीचे जीवाश्म पाहिले तर ते आजच्या झाडखारीसारखेच दिसतात. तिकडून हे कुळ आशियात, मग आफ्रिकेत आणि बऱ्याच नंतर दक्षिण अमेरिकेत पसरले. मादागास्करला ते कधीच पोचले नाही. झाडाचा साचा आधीपासून तयार होता. बिळात जाणे, झोपणे, तरंगणे, हे सगळे त्यावर नंतर चढवलेले.

मुलाने खारच का म्हणायचे विचारले तर दात आणि पाय दाखवा. पुढचे दात जन्मभर वाढतात, म्हणून काहीतरी कुरतडावेच लागते. आणि झाडावरच्या खारींचा मागचा घोटा उलटा फिरतो, म्हणून त्या डोके खाली करून उतरतात. मांजराला ते जमत नाही, ते वर अडकून बसते आणि मग अग्निशमन दलाला फोन जातो.

आता शहाळी. इथे दोन गोष्टींवर सगळे अवलंबून आहे: भोक कुठे आहे आणि माडांचे शेंडे एकमेकांना लागतात का. खाली पडलेली आठ-दहा शहाळी गोळा करा, एक-दोन नव्हे. भोक देठाजवळ, गोल, पाच सेंटिमीटरच्या आसपास असेल आणि फळे रात्रीतून पडत असतील, तर संशय उंदरावर घ्या. माझ्याकडे आलेल्या दहा तक्रारींतल्या सात-आठ अशाच निघाल्या, आणि दोष मात्र चानीला मिळालेला. चानी दिवसा समोर दिसते ना, म्हणून. ती कोको किंवा सुपारीला त्रास देते, पण माडावर तिच्या नावावर बरेच उंदराचे कर्ज चढते. तोडून फेकलेली, चावलेली, भरदिवसा पडणारी फळे असतील तर वानर आणि माकडे आधी तपासा. शेकरू नारळ खाते, खोटे कशाला बोलू, आणि रात्रीचा पाक्याही खातो. पण दोघेही थोडे, आणि जंगलाच्या बाजूच्या माडांवर.

उंदीर निघाला तर खोडाला माणसाच्या डोक्यापेक्षा वर गुळगुळीत पत्र्याचा पट्टा बांधा. त्यावर त्याची नखे टिकत नाहीत. पण शेंडे एकमेकांत गुंतलेले असतील, किंवा आंब्याची फांदी माडाला टेकलेली असेल, तर पट्टा बांधून पैसे वाया. उंदीर शेजारून येईल. पाडेल्याला नारळ काढताना जुनी सुकलेली झावळे आणि पोयी (फुलोऱ्याची सुकलेली आवरणे) साफ करायला सांगा, उंदरांची घरे त्यातच असतात. शेकरूचा उपद्रव खरेच वाटत असेल तर त्याचा उपायही फांद्याच: रानाकडच्या दोन-तीन माडांना जोडणाऱ्या फांद्या छाटा. ते जमिनीवरून चालत येणार नाही. पण सगळीकडच्या छाटू नका, नाहीतर ते तुमच्याकडे येणेच बंद करेल, आणि तुमचा मुलगा मला माफ करणार नाही. सापळा, गलोल, बंदूक यांचा विचार मनातही आणू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शेकरूला संरक्षण आहे. पूर्वी आमच्या गावातही त्याची शिकार होई, ती माणसेच आता ते कुठे दिसते ते मला दाखवतात.

एक राहिले. पावसात चानीचे पिल्लू खाली पडले तर मुले ते घरात आणून गायीचे दूध पाजतात. मीही लहानपणी पाजले होते, दुसऱ्या दिवशी मेले. ते दूध त्यांना सोसत नाही. पिल्लू उबदार असेल आणि जखम नसेल तर फडके घातलेल्या उघड्या खोक्यात, त्याच झाडाखाली, मांजर-कुत्र्याला पोचता येणार नाही अशा उंचीवर ठेवा आणि लांब जा. आई बरेचदा तोंडात धरून परत नेते. संध्याकाळपर्यंत नेले नाही तर वनखात्याला कळवा. आणि भोके पडलेल्या शहाळ्यांचे फोटो पाठवा, शेजारी एखादे नाणे ठेवून, म्हणजे भोकाचा आकार कळेल.